आंतरराष्ट्रीय शैक्षणिक देवाणघेवाण : आशा आणि अनुभव

प्रास्ताविक

‘लीळाचरित्र’ वाचताना एखादा शब्द अडला की आपण प्राचीन मराठीच्या कोशाकडे वळतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ डिक्शनरी ऑफ ओल्ड मराठी’ या कोशावर दोन नावे आहेत : शं. गो. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाउस. पहिले नाव मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला नवे नाही. दुसरे नाव एका अमेरिकन विदुषीचे आहे. महानुभाव पंथाच्या ग्रंथांचा अभ्यास करण्याच्या हेतूने त्या महाराष्ट्रात आल्या, ‘सूत्रपाठा’चे त्यांनी इंग्रजीत भाषांतर केले आणि पुढे तुळपुळे यांच्यासमवेत हे कोशकार्य केले. तुळपुळे १९९४ मध्ये निवर्तले. ग्रंथ हाती आला तो त्यानंतर पाच वर्षांनी. तेराव्या शतकातील मराठी शब्दाचा अर्थ पाहण्यासाठी मराठी वाचकाने एका परदेशी अभ्यासिकेचे साहाय्य घ्यावे, याचे काहींना वैषम्य वाटते. प्रस्तुत लेखकाला त्यात वैषम्य वाटण्याजोगे काही दिसत नाही. मात्र असे सहकार्य कसे घडून येते, त्यासाठी पैसा कोठून येतो, कोण कोणाचा शिष्य होतो आणि त्यातून राष्ट्राराष्ट्रांमधील समजूत खरोखर वाढते काय, हे प्रश्न तपासून पाहण्याजोगे आहेत. या लेखात आपण तेच करणार आहोत.

‘शैक्षणिक देवाणघेवाण’ ही संज्ञा आपण येथे थोड्या काटेकोर अर्थाने वापरू. परदेशी जाऊन पदवी मिळविणे ही एकेरी वाट झाली, आणि परदेश पाहून येणे हा प्रवास झाला. देवाणघेवाणीत अभ्यासक दुसऱ्या समाजात काही काळ विद्यार्थी म्हणून राहतो, त्या समाजाची भाषा व ज्ञान आत्मसात करतो आणि आपले काही तेथे ठेवून परततो. कधी परततही नाही. शांततेशी या गोष्टीचा संबंध जोडण्याची प्रथा बरीच जुनी आहे. समारंभप्रसंगी तो संबंध गृहीत धरला जातो. इतिहास मात्र इतका सरळ नाही.

शिष्यवृत्तीमागील आशा

सेसिल ऱ्होड्स हा दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या खाणींवर गबर झालेला साम्राज्यवादी. ऑक्सफर्ड विद्यापीठातील शिष्यवृत्त्यांसाठी त्याने आपली संपत्ती ठेवली. इंग्रजी वसाहती व अमेरिका यांच्याबरोबरच जर्मनीतील विद्यार्थ्यांचाही समावेश त्याने १९०१ मध्ये मृत्युपत्राच्या पुरवणीत केला. इंग्लंड, जर्मनी आणि अमेरिका या तीन बलाढ्य राष्ट्रांतील तरुण एकत्र शिकले, तर त्यांच्यात युद्ध अशक्य होईल, अशी त्यामागची धारणा होती. १९१४ मध्ये युद्ध पेटलेच. ऑक्सफर्डमध्ये एका बाकावर बसलेले तरुण परस्परांच्या समोर खंदकांत उभे राहिले आणि १९१६ मध्ये जर्मन शिष्यवृत्त्या रद्द झाल्या. दोन युद्धांच्या दरम्यान त्या पुन्हा सुरू झाल्या आणि १९३९ मध्ये पुन्हा बंद पडल्या. या दुसऱ्या पर्वातील एक जर्मन विद्यार्थी अ‍ॅडम फॉन ट्रॉट. १९३९ मध्ये आपल्या इंग्रज परिचितांच्या मार्फत युद्ध टाळण्याची त्याने खटपट केली. ती निष्फळ ठरली. पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सहभागी झाल्याबद्दल १९४४ मध्ये त्याला फाशी देण्यात आले. शिष्यवृत्तीने युद्ध थांबले नाही, हे उघड आहे. एका माणसाला स्वतःच्या राष्ट्राच्या अपराधाकडे बाहेरून पाहण्याची दृष्टी तिने दिली असावी, एवढेच फार तर म्हणता येईल.

याच ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर १९२५ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातून विल्यम फुलब्राइट नावाचा तरुण ऑक्सफर्डला गेला होता. पुढे तो अमेरिकन सिनेटचा सदस्य झाला. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकन लष्कराचे ट्रक, यंत्रे, अन्नसाठे असे अवाढव्य साहित्य जगभर विखुरलेले होते. ते परत नेणे परवडणारे नव्हते. आणि ज्या देशांत ते पडले होते त्यांच्याकडे ते विकत घेण्यासाठी डॉलर नव्हते. या देशांनी साहित्याची किंमत स्वतःच्या चलनात द्यावी आणि तो पैसा विद्यार्थी-प्राध्यापकांच्या देवाणघेवाणीवर खर्च व्हावा, अशी फुलब्राइट यांची योजना होती. १ ऑगस्ट १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या स्वाक्षरीने तिचा कायदा झाला. युद्धाच्या उरल्यासुरल्या सामानातून शिष्यवृत्त्या उभ्या राहिल्या, ही गोष्ट कल्पित वाटावी अशी आहे; पण हिशेबाच्या दृष्टीने ती शब्दशः खरी आहे. भारताशी असा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला. त्यावर पंडित नेहरू आणि अमेरिकन राजदूत लॉय हेंडरसन यांच्या स्वाक्षऱ्या आहेत.

या योजनेमागे केवळ सद्‌भावना होती, असे समजणे भाबडेपणाचे होईल. शीतयुद्धाच्या काळात आपली विचारसरणी नवस्वतंत्र देशांतील तरुणांपर्यंत पोहोचावी, असे अमेरिकेला वाटत होते. सोव्हिएत संघालाही तेच वाटत होते. मॉस्कोत १९६० मध्ये आशिया-आफ्रिकेतील विद्यार्थ्यांसाठी खास विद्यापीठ निघाले, ते याच हेतूने. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये ‘स्पुटनिक’ सोडल्यावर हादरलेल्या अमेरिकेने दुसऱ्याच वर्षी जो शिक्षणविषयक कायदा केला, त्याच्या निधीतून तेथील विद्यापीठांत आशियाई भाषांचे अध्यापन वाढले. त्या भाषांत मराठीही होती. म्हणजे पेनसिल्व्हेनियात कोणी ‘ज्ञानेश्वरी’ची ओवी वाचू लागला, तर त्यामागे एका कृत्रिम उपग्रहाची धास्ती होती.

खुद्द फुलब्राइट यांच्या ठायी असलेला एक विरोध विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. राष्ट्राराष्ट्रांत सामंजस्य नांदावे म्हणून झटणाऱ्या या गृहस्थांनी १९५६ मध्ये दक्षिणेतील लोकप्रतिनिधींच्या एका जाहीरनाम्यावर सही केली. कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शाळा एक कराव्यात, हा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय त्या जाहीरनाम्याने धुडकावला होता. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यालाही त्यांचा विरोधच होता. दुसऱ्या खंडातील विद्यार्थी आपल्या घरी यावा असे ज्याला मनापासून वाटते, त्याला शेजारच्या वस्तीतील मूल आपल्या शाळेत यावे असे वाटेलच, असे नाही. आपल्या समाजालाही हे उदाहरण परके वाटू नये.

बर्लिन आणि न्यूयॉर्क

महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्या दोघा विद्यार्थ्यांचा अनुभव येथे पाहण्यासारखा आहे. दोघेही फुलब्राइट योजनेच्या पूर्वीचे.

इरावती कर्वे १९२८ मध्ये मानवशास्त्राच्या अभ्यासासाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशभेदाच्या सिद्धान्ताचे मोठे पुरस्कर्ते होते. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. इरावतीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधील असमानता. या असमानतेशी वंशाच्या श्रेष्ठत्वाचा संबंध असावा, हे गुरूंचे गृहीतक होते. बाईंनी कवट्या मोजल्या आणि गृहीतकाला आधार मिळत नाही, असा निष्कर्ष लिहून दिला. या प्रसंगी देवाणघेवाणीने स्नेह निर्माण केला असे म्हणता येणार नाही. मोजमापाची शिस्त जर्मनीने दिली आणि तीच शिस्त वापरून विद्यार्थिनीने जर्मनीतील एका घातक समजुतीला नकार दिला. यजमान समाजाचे कौतुक करण्याची सक्ती नसणे हा देवाणघेवाणीच्या खरेपणाचा एक भाग होय. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेले ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ याच दृष्टीने वाचावे. अमेरिकन स्त्रियांच्या संघटनशक्तीची मोकळी प्रशंसा त्यात आहे, तसे तेथील वर्णद्वेषाकडे बोटही दाखविलेले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे जॉन ड्यूई यांच्यासारखे अध्यापक त्यांना लाभले, हे सर्वज्ञात आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो परतल्यानंतरचा प्रसंग. युरोप-अमेरिकेतील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी आपल्या आत्मपर लेखनात नमूद केले आहे. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू होण्यासाठी ते उतरले तेव्हा पहिला प्रश्न उभा राहिला तो राहायचे कोठे, हा. खरी ओळख लपवून त्यांना एका पारशी वसतिगृहात राहावे लागले आणि तेथूनही त्यांना काढून लावण्यात आले. परदेशाने जे दिले ते स्वदेशाने स्टेशनवरच काढून घेतले. पण पूर्णपणे घेता आले नाही. कारण अस्पृश्यता ही माणसाच्या जन्माबरोबर अपरिहार्यपणे येणारी गोष्ट नाही, हे त्यांनी चार वर्षे स्वतः जगून पाहिले होते. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथातून त्या स्वरूपात मिळाले नसते.

जुलै १९४६ मध्ये, म्हणजे फुलब्राइट कायद्यावर सही होण्याच्या ऐन सुमारास, आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकन कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे गाऱ्हाणे मांडण्याचे ठरविल्याचे त्यांच्या वाचनात आले होते. अस्पृश्यांनीही तसे करावे असा विचार मनात असल्याने त्यांनी त्या निवेदनाची प्रत मागविली. ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठविले. ते स्वतः तरुणपणी बर्लिनला शिकलेले होते. सरकारी शिष्यवृत्तीच्या कोणत्याही अहवालात अशा पत्राची नोंद सापडणार नाही. दोन देशांतील दडपलेल्या समाजांनी परस्परांचे दुःख ओळखावे, अशी एखाद्या शासनाची योजना नव्हती आणि असण्याचे कारणही नव्हते.

पुण्यात आलेले विद्यार्थी

आता उलट दिशेचा प्रवाह पाहू. १९५४ च्या ‘पी. एल. ४८०’ या कायद्यान्वये अमेरिका भारताला गहू विकत असे आणि त्याची किंमत रुपयांत स्वीकारत असे. साठीच्या दशकात रेशनच्या दुकानावर रांगेत उभे राहिलेल्या पिढीला तो गहू आठवत असेल. त्या रुपयांचा एक छोटा हिस्सा १९६२ पासून एका वेगळ्या कामी येऊ लागला. अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतीय भाषांतील नवी पुस्तके विकत घेऊन तेथील निवडक विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठविली जाऊ लागली. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, नियतकालिके अशा रीतीने समुद्रापार गेली. आपल्या एखाद्या तालुक्याच्या वाचनालयात न सापडणारी मराठी पुस्तके अमेरिकेत सुस्थितीत मिळतात, त्याचे कारण हे आहे. गव्हाच्या मोबदल्यात पुस्तके गेली, असे थोडक्यात म्हणता येईल.

पुस्तके वाचण्यासाठी भाषा हवी आणि भाषा माणसांत राहूनच येते. साठीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील काही महाविद्यालयांनी मिळून पुण्यात विद्यार्थी पाठविण्याचा उपक्रम सुरू केला. हे विद्यार्थी पुणेकर कुटुंबांत राहत आणि मराठी शिकत. मराठी शिकताना इंग्रजीभाषकाची कशी अडचण होते, याची आपल्याला सहसा कल्पना नसते. आपल्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. इंग्रजीत दोहोंसाठी एकच. ‘आम्ही जेवणार आहोत’ असे यजमानीणबाई म्हणाल्या, तर पाहुण्याला ताट नाही. ‘आपण जेवणार आहोत’ म्हणाल्या, तर आहे. मराठीत तोंड उघडण्यापूर्वी त्या विद्यार्थ्याला दर वेळी ठरवावे लागते : ऐकणारा माणूस माझ्यात मोडतो की माझ्याबाहेर? तीच गत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ची. घरातील मोलकरणीला सगळे ‘तू’ म्हणतात, मग तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान असलेल्या पाहुण्याने काय म्हणावे? यजमान कुटुंबालाही हा प्रश्न त्यापूर्वी कधी पडलेला नसतो. परकी भाषा शिकणारा प्रौढ माणूस काही काळ लहान मूल होतो, चुकतो, त्याला हसतात, आणि त्याला दुसऱ्यांच्या दयाबुद्धीवर विसंबावे लागते. बलाढ्य राष्ट्राच्या नागरिकाला हा अनुभव क्वचितच मिळतो. देवाणघेवाणीचे खरे मोल प्रस्तुत लेखकाला येथे दिसते : माणसाने दुसऱ्या समाजाचा शिष्य होण्याचे पत्करले, तरच त्याला तो समाज कळू लागतो.

या उपक्रमाशी एलिनॉर झेलियट यांचा निकटचा संबंध होता. क्वेकर परंपरेत वाढलेल्या झेलियट मिनेसोटातील कार्लटन महाविद्यालयात इतिहास शिकवीत. डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना त्यावर पदवी दिली. आंबेडकरी चळवळ हा विद्यापीठीय संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे आपल्याकडील प्रस्थापित विद्वानांपैकी अनेकांना तेव्हा मान्य नव्हते. झेलियट वस्त्यांमधून हिंडल्या, कार्यकर्त्यांशी बोलल्या, पत्रके आणि पुस्तिका जमविल्या. चोखामेळ्याचे अभंग आणि दलित कवींच्या कविता इंग्रजीत पोहोचविण्याच्या कामातही त्यांचा वाटा आहे. दि. बा. मोकाशी यांच्या ‘पालखी’चा फिलिप एंग्ब्लोम यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९८७ मध्ये निघाला, त्यालाही झेलियट यांच्या प्रास्ताविक निबंधाची जोड आहे. १९१३ मध्ये एक महार विद्यार्थी अमेरिकेला गेला. पन्नास वर्षांनी एक अमेरिकन विद्यार्थिनी त्याने काय केले हे शिकण्यासाठी महाराष्ट्रात आली. बडोद्याच्या दरबारात शिष्यवृत्ती मंजूर झाली तेव्हा हे कोणाच्या स्वप्नातही नसणार.

कार्लटनमध्येच शिकलेल्या गेल ऑम्व्हेट १९६३ मध्ये शिष्यवृत्तीवर प्रथम भारतात आल्या, सत्यशोधक व ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि पुढे भारतीय नागरिक होऊन सांगली जिल्ह्यातील कासेगावला स्थायिक झाल्या. वसंत मून यांच्या ‘वस्ती’चा इंग्रजी अनुवाद त्यांचा. भाषाशास्त्राच्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन संशोधनासाठी फलटणला आल्या आणि तेथेच राहिल्या. पुण्याला येणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी जाई निंबकर यांच्यासह त्यांनी मराठीची पाठ्यपुस्तके व व्याकरण सिद्ध केले. पण फलटणमधील दलित वस्तीतील मुलांना शाळेत जाऊनही वाचता येत नाही हे दिसल्यावर त्यांनी आपले लक्ष तिकडे वळविले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन उभे राहिले. परदेशी अभ्यासकाला मराठी कसे शिकवावे, या विचारातून फलटणच्या मुलांना मराठी वाचायला कसे शिकवावे, या विचाराकडे जाणारी ही वाट आहे. जर्मनीचे गुंथर सोंथायमर यांचे उदाहरण निराळे, पण त्याच जातीचे. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायद्याचा अभ्यास करणारा हा विद्वान पुढे खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा यांच्या धनगर उपासकांमध्ये रमला. संहितांमधील धर्मापेक्षा माळरानावरील ओवीतील धर्म त्याला अधिक बोलका वाटला.

उणी बाजू

हे चित्र केवळ उजळ नाही. भारत-अमेरिका करारानंतर एकवीस वर्षांनी, डिसेंबर १९७१ मध्ये, अमेरिकेने आपले सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे धाडले. पुण्यातील घरांत जेवून गेलेल्या विद्यार्थ्यांचे मत कोणी विचारले नव्हते. परदेशी संशोधनाविषयीचा संशयही सर्वस्वी निराधार नव्हता. समाजशास्त्रीय अभ्यासासाठी अमेरिकन लष्कराने पैसा पुरविल्याचे ‘कॅमलॉट’ प्रकरण १९६५ मध्ये चिलीत उघडकीस आले, तेव्हापासून प्रामाणिक अभ्यासकालाही आपल्या हेतूचा खुलासा करावा लागू लागला. शिवाय देवाणघेवाणीचे पारडे समतोल नव्हते. महाराष्ट्रावरील संशोधन इंग्रजीत आणि परदेशी किमतीत प्रसिद्ध होते. ज्या वस्तीत ते झाले तेथपर्यंत ते क्वचितच परतते. मिनेसोटावर मराठीत संशोधन करण्यासाठी तेथील एखाद्या खेड्यात वर्षभर राहिलेला मराठी विद्यार्थी आपल्या माहितीत आहे काय?

कधी समजुतीचा धागा तुटतोही. एका अमेरिकन अभ्यासकाच्या ग्रंथावरून उठलेल्या वादात ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर हल्ला झाला. ऐकीव, टवाळखोर बोलणे ग्रंथात आणताना ते ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या कानी ते कसे पडेल, याचे भान लेखकाने ठेवले नाही. हल्लेखोरांनी ज्या पोथ्या आणि कागदपत्रे विस्कटली ती मात्र लेखकाची नव्हती. ती आपली होती. ग्रंथाचे उत्तर ग्रंथाने देण्यास वेळ लागतो आणि तो वेळ त्या दिवशी कोणी घेतला नाही.

स्वाध्याय

मुक्त विद्यापीठाच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांना नोकरी, शेती वा घर सोडून परदेशी जाणे शक्य नसते. तथापि वर उल्लेखिलेल्या देवाणघेवाणीची दुसरी बाजू, म्हणजे यजमानाची, आपल्यातील अनेकांच्या वाट्याला येते : वारीच्या मुक्कामी, जत्रेत, एखाद्या गावातील संस्थेत. पंडिता रमाबाईंच्या प्रवासवृत्तातील कोणतेही एक प्रकरण वाचून, त्यांनी अमेरिकन समाजातील कोणत्या गोष्टी स्वीकारार्ह मानल्या आणि कोणत्या नाहीत, हे दोन पृष्ठांत लिहावे. त्यानंतर आपल्या गावी आलेल्या परप्रांतीय वा परदेशी माणसाला मराठीतील कोणत्या पाच शब्दांचा अर्थ समजावून देणे आपल्याला सर्वांत अवघड जाईल, याचा विचार करावा. ते शब्द का अवघड वाटतात, हे घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून नोंदवावे आणि ती नोंद पुढील संपर्कसत्रात आणावी.